‘मॅडम सांगतील’ म्हणणाऱ्या सरांना

सर, स.न.वि.वि.

आमच्या सीटी मशीनचं तुमचं क्यूए, म्हणजे दर्जाची तपासणी, आटोपलं होतं, मशीन पास झालं होतं. बॅग उचलून निघाला असतात तर कुणी नावं ठेवली नसती. पण मी दारातच पोटाच्या स्कॅनचं रडगाणं लावलं आणि तुम्ही बॅग खाली ठेवलीत.

त्याआधी बाकीचे येऊन गेले होते. शहरात बसून रिपोर्टिंग करणाऱ्या डॉक्टरांची रोज एकच ओळ: ‘इमेज ग्रेनी (दाणेदार) आहे, टेक्निशियनला सांगा.’ सर्व्हिस इंजिनिअरने मॉनिटर पुसला, ब्राइटनेस वाढवला आणि जाता जाता ‘एमए वाढवा की थोडा’ असा फुकटचा सल्ला दिला. एमए म्हणजे एक्स-रे ट्यूबचा करंट; तो वाढवला की किरणांचा जादा डोस पेशंटच्या अंगावर जातो, त्याचं काय जातंय!

तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि माउस माझ्या हातात दिलात. पाण्याच्या फँटमच्या, म्हणजे चाचणीसाठीच्या पाणी भरलेल्या डब्याच्या, फोटोवर गोल काढायला लावलात. गोलातल्या सीटी आकड्यांची सरासरी शून्याजवळ (पाण्याचा आकडा शून्यच धरतात), म्हणजे ठीक. पण तिच्याखालचा एसडी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते, 20. हाच नॉइज, ब्राइटनेस कितीही फिरवा, हा हलत नाही. मग एका पेशंटच्या लिव्हरवर गोल: सरासरी 60, एसडी जवळजवळ तेवढाच. शेजारच्या गाठीवर: 45. फरक 15, नॉइज 20. भागाकार एकाच्याही खाली, मग गाठ दिसणार कुठून?

खोट निघाली स्लाइसमध्ये, म्हणजे फोटोतल्या एकेका कापाच्या जाडीत. पोटाचे फोटो 1.25 मिमीचे जात होते. त्याच डेटातून 5 मिमीचे काढले, एसडी 10 वर आला. डोस वाढवून हेच साधायचं तर तो चौपट करावा लागला असता! पातळ स्लाइसही ठेवा, बारीकसारीक त्यातच सापडतं, हे बजावायला तुम्ही विसरला नाहीत.

तेवढ्यात आमचे मोठे डॉक्टर आत आले. ‘काय निघालं?’ त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही माझ्याकडे हात केलात. ‘मॅडमनी मोजलंय, त्या सांगतील.’

सर, या खोलीत मला ‘अगं ए’ म्हणतात. डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि मी बोलत गेले. मधे अडखळलेसुद्धा, पण तुम्ही वाक्य पुरं करून दिलं नाहीत, भिंतीला टेकून ऐकत राहिलात. जाणकार माणसं पुष्कळ भेटतात हो, पण येतं ते मुठीत धरून ठेवणारीच जास्त. दुसऱ्याच्या पदरात श्रेय टाकून बाजूला उभं राहायला मन मोठं लागतं.

ती रोजची ओळ आता येत नाही. ‘बरं झालं’ असंही कुणी कळवलेलं नाही म्हणा. पुढच्या क्यूएला जरा सवड काढून या, डोक्याच्या स्कॅनबद्दल विचारायचंय. आणि जेवूनच जा.

आपली नम्र,
सीटी टेक्निशियन