पिंप पिंपच ठेवलंत, म्हणून

आदरणीय शिल्पकार सोकारी डग्लस कॅम्प यांना,
सप्रेम नमस्कार.

नायजेरियातल्या ओगोनी लोकांसाठी तेल कंपन्यांशी लढणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फासावर चढवलं. २००६ साली तुम्ही लंडनमध्ये त्यांचं स्मारक केलंत ते बसच्या रूपात! नायजेरियात रस्तोरस्ती धावते तशी, खऱ्या मापाची, पोलादी. टपावर तेलाची पिंपं आणि त्यांवर त्या आठ जणांची नावं. ओगोनींची शेतं आणि ओढे ज्यानं नासवले, त्याच तेलाचं पिंप. २०१५ मध्ये ही बस नायजेरियाला निघाली, तर लागोस बंदरात कस्टम्सनं अडवली. चौथऱ्यावरचा ब्राँझचा पुतळा बहुधा सुखरूप पोचला असता.

पत्र्याचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना तुमच्या त्या पिंपांनी वाट दाखवली, त्याचे हे आभार.

दोनशे लिटरच्या पिंपाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्याला ताठ ठेवतात त्या मधल्या दोन फुगीर कड्या आणि वरखालचे दुमडलेले काठ. कडी कापली की पत्रा टकटक आत-बाहेर करायला लागतो. मग आतून कितीही पट्ट्या मारा, लाट जात नाही. कड्या राखल्या तर पिंप ताठ राहतं आणि पिंप म्हणून ओळखूही येतं.

खरा धोका त्याआधीचा. रिकाम्या पिंपाला वास नाही म्हणून ते स्वच्छ झालं असं नाही. काठाच्या घडीत तेल मुरलेलं असतं, ग्राइंडर किंवा गॅस लागला की त्याची वाफ होते आणि झाकण तोफेसारखं उडतं. म्हणून दोन्ही बुचं उघडून गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यानं धुवायचं, खळबळून काढायचं, मग कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं. बुचं उघडीच ठेवायची. यात घाई नको.

नाव आरपार कापायचं तर रोमन लिपीतल्या ओ, ए, पी यांची पोटं, म्हणजे आतले बंद भाग, गळून पडतात; ते धरून ठेवायला न कापलेले पूल सोडावे लागतात. देवनागरीत तर शिरोरेखाच घात करते. सलग कापली की तिच्याखाली प, म यांचीही पोटं बंद होतात, आणि सगळा शब्द एका लांब चिरेखाली लोंबतो. त्यामुळे दर अक्षरानंतर चार-पाच मिलिमीटर पत्रा सोडायचा, आणि बंद पोटांनाही पूल ठेवायचा. जोडकाम असेल तर वेल्डिंगचे टाके एका ओळीत मारायचे नाहीत, समोरासमोर मारायचे, नाहीतर नावच वाकडं होतं.

उघड्यावर ठेवलेल्या पिंपाच्या वरच्या काठात पाणी साचतं आणि गंज तिथूनच धरतो. काठालगत, उताराच्या बाजूला सहा मिलिमीटरचं एक भोक पाडलं की काम भागतं.

तुमचे ऋणी,
पत्रा कापणारे आणि जोडणारे काही जण