तिनं ओळख का दाखवली नाही

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू तुझ्या समुपदेशकाबद्दल तोडून बोललीस. ‘तासाचे पैसे घेते, तेवढीच ओळख ठेवते’ हे तुझं बोलणं मनातून जात नाही. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

मेन रोडवर ती समोरून आली आणि ओळख न दाखवता पुढे गेली. तुझ्यासोबत सासूबाई होत्या ना? ती थांबून ‘कशा आहात?’ म्हणाली असती, तर दहा पावलांवर त्यांनी विचारलंच असतं, ‘कोण गं ही?’ आपलं नाशिक कितीही वाढलं तरी कॉलेज रोडला कुणाच्या दारात कोण दिसलं हे संध्याकाळपर्यंत पंचवटीत कळतं. म्हणून आम्ही या कामातली माणसं बाहेर आपणहून बोलत नाही. तू हसली असतीस तर तीही हसली असती. उपचाराची गोष्ट गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तो आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्याच प्रसंगी त्याला अपवाद. हे तिनं पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल, तर तेवढी तिची चूक.

आता पैशांचं. तिला तुझं सगळं माहीत आणि तुला तिचं काहीच नाही, हे खरंच आहे. पण माझ्याशी बोलताना काय होतं बघ. तू आईबद्दल बोलायला लागलीस की मला काकूंच्या हातच्या पुरणपोळ्या आठवतात आणि मी त्यांचीच बाजू घेते. तू रडलीस की मला तुला लवकर गप्प करायचं असतं, कारण मला ते बघवत नाही. शिवाय पाचव्या मिनिटाला तू विचारतेस, ‘जाऊ दे, तुझं कसं चाललंय?’ तिथं हे विचारावं लागत नाही. फी दिलीस की तिला सांभाळायची जबाबदारी तुझ्यावर उरत नाही. मी तुला माझ्याकडे घेतलं नाही ते याचसाठी, मंगल. माझा जीव तुझ्यात फार अडकला आहे.

म्हणून तिची आपुलकी खोटी ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं १९५७ मध्येच लिहिलं होतं की, उपचार करणाऱ्यानं समोरच्याला अट न घालता स्वीकारावं, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं आणि स्वतः मुखवट्याशिवाय बसावं. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं की, नुसता जिव्हाळा पुरत नाही; कुठं पोचायचं आणि त्यासाठी काय करायचं, यावरही दोघांचं एकमत लागतं. तुमचं असं बोलणं झालंय का? नसेल तर विचार.

आणि एवढं का लागलं गं तुला? जुन्या नात्यांतले राग-लोभ उपचार करणाऱ्यावर येऊन पडतात, हे फ्रॉइडनं ओळखलं होतं. तुझ्या बाबतीत मला एक शंका आहे, पण ती मी बोलणार नाही. ते तुला तिच्यासमोर सापडू दे.

जाणं बंद करू नकोस. पुढच्या वेळी तिला ते तासाच्या पैशांचं वाक्यच ऐकव, रागानंच ऐकव. काम जाणणारी असेल तर ती तुझा राग ऐकून घेईल आणि तुमचं खरं काम तिथून सुरू होईल. तिनं उडवून लावलं, तुलाच दोष दिला, तर मात्र दुसरी शोधू. नावं मी देईन.

रविवारी मिसळ खायला ये. तिथं काय बोललीस ते मला सांगायची गरज नाही.

तुझी,
वसू