इंजेक्शन कर, व्हॉल्व्हचं विसर

इंदूर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काकांची मारुती ८०० भंगारात न देता कार्ब्युरेटर काढून तिला इंजेक्शन बसवायचं, असं ठरवलंस ते फार बरं केलंस. पण पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंयस, “इंजिन उघडतोच आहे तर इंजेक्शनबरोबर व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगही उरकून टाकू.” व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ इंजिन चालता चालता बदलायची, आणि म्हणे उरकून टाकू! तर माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजेक्शन खुशाल कर, पण या इंजिनापुरतं व्हॉल्व्हचं विसर. का ते पुढे येईलच.

इंजेक्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेट्रोलचा फवारा येतो. अरे, फवारा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. इंजेक्टरला उघड-मीट एवढंच कळतं. खरी भानगड हवेची आहे. या घटकेला सिलिंडरमध्ये किती हवा शिरली हे कळलं की पेट्रोल किती द्यायचं हा नुसता भागाकार उरतो.

तो भागाकार तुझ्याच इंजिनावर करून दाखवतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एकाच्या वाट्याला साधारण २६५ सीसी. पूर्ण थ्रॉटलला ते ऐंशी टक्के भरलं तर आपल्या हवेत सुमारे ०.२३ ग्रॅम हवा आत गेली. शुद्ध पेट्रोलला एक ग्रॅम इंधनामागे १४.७ ग्रॅम हवा लागते. पण पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. भाग दे, इंधन निघालं ०.०१७ ग्रॅम. मिनिटाला १६० सीसी सोडणारा इंजेक्टर एवढं पेट्रोल सोडायला साडेआठ मिलीसेकंद घेतो. सहा हजार आरपीएमला चार स्ट्रोकचा पूर्ण फेरा २० मिलीसेकंदांत होतो, तेव्हा वेळ भरपूर आहे. म्हणून सांगतो, मोठ्या इंजेक्टरच्या मोहात पडू नकोस. मोठा इंजेक्टर आयडलला इतका कमी वेळ उघडतो की तिथे त्याचा भरवसाच राहत नाही.

आणि ई२० मुळेच, सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघताना एअर-फ्युएल रेशो ठेवू नकोस, लॅम्डा ठेव, म्हणजे मिळालेली हवा भागिले लागणारी हवा. इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ म्हणजे बरोबर, १ च्या वर लीन (पेट्रोल कमी), खाली रिच (पेट्रोल जास्त). उगाच १४.७ च्या मागे लागशील आणि गाडी लीन चालवत बसशील.

हवा मोजायची कशी, तर मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि आरपीएम, एवढ्यावर. यालाच स्पीड-डेन्सिटी म्हणतात. युक्ती नवी नाही. बॉशनं १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० वर डी-जेट्रॉनिक हे इंजेक्शन दिलं ते मॅनिफोल्डच्या दाबावरच चालायचं, तेही मायक्रोप्रोसेसरचा पत्ता नसताना, मूठभर ट्रान्झिस्टरांवर. घरी बसून करणाऱ्यांसाठी दार उघडलं ते २००१ च्या सुमारास, ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्टनं, म्हणजे घरी जोडता येणाऱ्या इंजेक्शनच्या कंट्रोलरनं. आता तसंच स्पीडुइनो आहे, आर्डुइनो मेगा या छोट्या संगणक-बोर्डावर चालणारं. १६ मेगाहर्ट्झची आठ बिटांची चिप ऐकून तू नाक मुरडशील. पण सहा हजार आरपीएमलाही क्रँक एक अंश फिरायला २८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे चिपला चारशेच्या वर टिकटिका मिळतात. तीन सिलिंडरांना पुरून उरतं. तू पहिल्यांदाच करतोयस, तेव्हा स्पीडुइनोच घे. बोर्ड जळला तरी घरात शोककळा पसरणार नाही.

माझ्या गाडीचा तयार व्हीई टेबल, म्हणजे कुठल्या दाबाला आणि आरपीएमला सिलिंडर किती टक्के भरतं त्याचा तक्ता, मागितला आहेस. पाठवतो, पण त्यातली मेख ऐक. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर. इंजिन बंद असताना इथे मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवतो. तुझ्या बडोद्यात तोच १०१ च्या जवळ जाईल. म्हणजे पूर्ण थ्रॉटलला तुझी गाडी टेबलाच्या ज्या वरच्या ओळीत शिरेल, ती ओळ इंदुरात कुणी कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी गाठलीच जात नाही! मी भेरूघाट उतरून बडवाहला नर्मदेकाठी गेलो ते याचसाठी (घरी सांगितलं ओंकारेश्वरचं, आणि दर्शनही झालं, खोटं नको). खाली गेल्यावर तोच थ्रॉटल, तोच गिअर, पण दाब चार-साडेचार किलोपास्कलनं वर, आणि वाइडबँडवर (धुरातल्या ऑक्सिजनवरून लॅम्डा सांगणाऱ्या सेन्सरवर) लॅम्डा लगेच वेगळा. त्या ओळीतले थोडे आकडे मी तिथं बसवले, पण बडोदं त्याहूनही खाली. सगळ्यात वरची ओळ तुझी तुलाच भरावी लागेल, आणि ती भरेपर्यंत तिथं मुद्दाम थोडं रिच ठेव. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण तिथे आपल्या ८०० ला कोण उभं करणार? आपली प्रयोगशाळा घाटातच.

वाइडबँड म्हटलं ते मनावर घे. जुना नॅरोबँड सेन्सर फक्त एवढंच सांगतो की तू लॅम्डा १ च्या अलीकडे आहेस की पलीकडे. किती, ते सांगत नाही. बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड आणि त्याचा कंट्रोलर यावर पैसे खर्च कर, बाकी कुठंही काटकसर कर. बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करताना सेन्सर आडव्यापेक्षा वरच्या बाजूला कलता राहू दे, नाहीतर सायलेन्सरच्या पाइपातलं पाणी त्यात साचून तो मरतो. आणि हीटर बंद ठेवून त्याला धुरात नुसता लटकवायचा नाही.

क्रँकच्या पुलीवर ३६-१ चं चाक लाव. छत्तीस दातांची जागा, त्यातला एक गाळलेला. दर दात दहा अंशांचा, आणि रिकामी जागा आली की बोर्डाला कळतं क्रँक कुठे आहे. लेथवाल्याला पुन्हा पुन्हा सांग की चाक क्रँकशी एककेंद्री हवं, कारण सेन्सर आणि दात यांच्यातली फट एक मिलीमीटरच्या आसपास असते आणि चाक डुगडुगलं की सिग्नल कमी-जास्त होतो. दात ओळखणाऱ्या या चुंबकी (व्हीआर) सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या तरी गाडी सुरू होते, म्हणूनच तो दोष सापडत नाही. फक्त आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकत जातं. टायमिंग लाइट लावून आयडल ते चार हजार एकदा बघून घे, खूण जागची हलता कामा नये. शिल्डेड वायर वापर (मी महाराणी रोडवरून आणली होती), तिची जाळी एकाच टोकाला अर्थ कर. सगळ्या सेन्सरांचा अर्थ बोर्डापाशी एकत्र आण आणि बोर्डाचा अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर. अर्धी मिसिंग तिथंच मिटते.

एक गंमत सांगतो. माझी गाडी आयडलला मस्त चालायची, पण हेडलाइट लावले की लंगडायची. फिटर म्हणाला पंप, शेजारी म्हणाला प्लग. होतं काय, की इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत थोडा वेळ जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. चौदा व्होल्टला तो एक मिलीसेकंदाच्या आसपास. हेडलाइट लागले, व्होल्टेज पडलं, डेड टाइम वाढला. आयडलला सगळा मिळून पल्सच दोन-अडीच मिलीसेकंदांचा. त्यातला एकदशांश मिलीसेकंद जरी खाल्ला गेला तरी इंजिनाला ते जाणवतं. बोर्डात व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमची जी छोटी सारणी असते ती नीट भरली आणि लंगडणं थांबलं. तेव्हा आयडल ट्यून करताना हेडलाइट, पंखा, वायपर, सगळं लावून-बंद करून बघ.

चोक, ॲक्सिलरेटर पंप वगैरेंची काळजी नको. थंड इंजिनाचं वाढीव पेट्रोल कूलंट सेन्सरवरून मिळतं आणि पाय झटकन दाबल्याचं थ्रॉटल पोझिशन सेन्सरवरून. हे आकडे सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच जमवावे लागतात, आणि दिवसाला पहिला स्टार्ट एकच मिळतो, एवढीच अडचण.

मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, रेल (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) कबाड्याकडून पुढच्या एमपीएफआय, म्हणजे कंपनीनंच इंजेक्शन दिलेल्या ८०० चे घे. मात्र सहा व्हॉल्व्हचं हेड वेगळं आणि बारा व्हॉल्व्हचं वेगळं, तेव्हा पैसे देण्याआधी तुझं गास्केट लावून भोकं जुळवून बघ.

आता पेट्रोलचं, आणि इथे थट्टा नाही. कार्ब्युरेटरला पेट्रोल जेमतेम दाबानं जातं, इंजेक्शनला तीन बारनं. जुना रबरी पाइप तीन बारला फुटला तर पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर उडतं. इंजेक्शनसाठी बनवलेला, इथेनॉल सोसणारा पाइपच घे आणि क्लॅम्पही त्याच जातीचे. बाहेरचा पंप टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसव, कारण हे पंप ढकलण्यात दांडगे आणि ओढण्यात ढ असतात. पंपाचा रिले बोर्डाच्याच ताब्यात दे, म्हणजे इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबेल. किल्ली ऑन असली की पंप चालू, असली जोडणी कुणी सुचवली तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेव. कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळं काही केलं तर आरटीओला उत्तर द्यावं लागतं, तेव्हा काम सुरू करण्याआधीच तिथं विचारून ये.

आता व्हॉल्व्ह. तुझ्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. होंडाचं १९८९ चं व्हीटेकवालं इंजिन बी१६ए, १.६ लिटरमधून १६० पीएस, टर्बो नाही काही नाही. पण व्हीटेक म्हणजे कॅमवर दोन तऱ्हेचे लोब आणि तेलाच्या दाबानं पिन सरकवून एकावरून दुसऱ्यावर जाणं. ते हेडमध्येच घडवलेलं असतं, बाहेरून चिकटवता येत नाही. दुसरी तऱ्हा फेजरची. कॅमच्या पुलीतच तेलानं भरणारे कप्पे असतात, ते कॅमला क्रँकच्या तुलनेत पुढे-मागे फिरवतात. १९८० मध्ये अल्फा रोमिओनं स्पायडरला कॅम असा फिरवणारी यंत्रणा दिली, आतली रचना मात्र वेगळी होती. आज स्विफ्ट-डिझायरच्या व्हीव्हीटी इंजिनातही इनटेक कॅमवर फेजरच आहे.

फेजरनं फायदा होतो तो असा. आयडलला इनटेक उशिरा उघडला की इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही उघडे असण्याचा काळ घटतो आणि इंजिन शांत चालतं. मधल्या आरपीएमला तो लवकर उघडून लवकर मिटला की सिलिंडरमधली हवा परत बाहेर ढकलली जात नाही आणि ओढ वाढते. पण त्यासाठी इनटेकचा कॅम एक्झॉस्टपासून सुटा हवा. तुझ्या ८०० ला डोक्यावर कॅमशाफ्ट एकच! दोन्हीचे लोब त्याच दांड्यावर. फेजर लावलास तर दोन्ही एकदमच सरकतील, मधला काळ होता तेवढाच राहील. शिवाय फेजरला तेल पोचवायला कॅमच्या टोकापर्यंत वाट नाही, आणि डिस्ट्रिब्युटर त्याच कॅमवरून फिरतो, म्हणजे व्हॉल्व्हबरोबर ठिणगीही सरकणार. वर ट्यूनिंगचा घोळ वेगळाच, कारण कॅम सरकला की तोच दाब, तोच आरपीएम असूनही हवा वेगळी भरते. एक व्हीई टेबल भरताना घाम निघतो, तिथं प्रत्येक कोनाला वेगळा भरणार का?

हौस फिटत नसेल तर स्लॉट पाडलेली कॅम पुली लाव आणि हातानं दोन-चार अंश पुढे-मागे करून फरक बघ. आधी पिस्टनवर प्लॅस्टिसिनची (खेळायच्या मऊ मातीची) चकती ठेवून हेड बसव, क्रँक हातानं फिरव आणि व्हॉल्व्हच्या ठशाखाली ती किती जाड उरते ते माप, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये तेवढीच जागा आहे. मोटर चालवून नाही, हातानं.

खरंच फेजर चालवायचा असेल तर एखादं व्हीव्हीटी इंजिन कबाड्याकडून आणून स्टँडवर बसवू आणि तुझाच बोर्ड त्याला लावू. फेजरचं तेल सोडणाऱ्या सोलेनॉइडला पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा करंट) द्यायचा, निम्म्याच्या आसपास वेळ चालू ठेवला की फेजर जागेवर थांबतो, त्याच्या वर-खाली केलं की सरकतो. कॅम सेन्सर कोन सांगतो, बाकी पीआयडी, म्हणजे चूक बघून आपोआप दुरुस्त करणारं गणित. स्पीडुइनोला हे येतं. गरम तेल पातळ झालं की आयडलला दाब पुरत नाही, ते बघण्यात खरी मजा आहे. सहा महिन्यांचं काम आहे आणि मला करायचंय, पण काकांच्या गाडीवर नाही.

आधी तुझ्या पुलीचा फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी धरून, आणि टाकीला रिटर्न लाइन आहे का तेही कळव. ३६-१ चं एक जास्तीचं चाक माझ्याकडे पडलंय, जुळत असेल तर बडोद्याच्या बसनं धाडतो. आईंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं सेव पाठवतोय, लवंगवाली.

तुझा,
गोट्या