रक्त किती जाईल, विलास?

भुसावळ,
रविवार

प्रिय विलास,

कसा शे भाऊ? पत्र मिळालं. गुडघा बदलायचं ठरवलंस, बरं केलंस. भरीत पार्टीला आम्ही सगळे मांडी घालून आणि तू उलट्या कॅरेटवर पाय लांब करून, हे मला कधी बघवलं नाही.

रक्त किती जाईल ते आधी सांगता येतं का, असं विचारलंयस. नेमका आकडा कुणी देणार नाही; अंदाज मात्र बांधता येतो, आणि तुला हिमोफिलिया, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ जन्मापासूनच कमी, म्हणून तुझ्या बाबतीत तो बांधलाच पाहिजे. आमच्या रक्तपेढीत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सरसकट 'दोन बाटल्या राखून ठेवा' अशा चिठ्ठ्या येतात, माणूस पन्नास किलोचा असो की नव्वदचा. हा ठोकताळा तुला चालायचा नाही.

एक तर सक्शनच्या जारमध्ये आणि ड्रेनमध्ये दिसतं तेवढंच रक्त गेलं, असं धरू नकोस. बरंचसं सांध्यात नि मांडीच्या मांसात मुरतं, आणि हिमोग्लोबिन पुढचे दोन-तीन दिवस उतरत राहतं. म्हणून हिशोब पीसीव्हीवरून, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के त्यावरून करतात. समज, वजन 60 किलो, उंची 165 सेंमी. नॅडलरच्या सूत्राने अंगात साधारण 4.2 लिटर रक्त. पीसीव्ही 42 वरून 30 वर आला, तर फरक 12 आणि सरासरी 36, म्हणजे तिसरा हिस्सा. गेलं की रे 1.4 लिटर! जारमध्ये कदाचित अर्धा लिटरही दिसलं नसेल. ही ग्रॉसची रीत, 1983 सालची.

पण हा झाला मागाहूनचा हिशोब. आधी बघायचं ते असं: सुरुवातीचं हिमोग्लोबिन किती, फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) किती, आणि गुडघा किती आखडलाय. हे शेवटचं फार जण विसरतात. तुझ्या सांध्यात शाळेपासून रक्त साचत आलंय. त्यातल्या लोहाने आतलं अस्तर सुजून जाड झालेलं असणार. ते सोलून काढायचं, चिकटलेलं सोडवायचं, म्हणजे कापाकापी जास्त नि रक्तही जास्त. वयामुळे गुडघा झिजलेल्या आजोबांशी तुझी तुलनाच नको.

फॅक्टर आठचं गणित सोपं आहे. किलोमागे एक युनिट दिलं की पातळी सुमारे 2 टक्के चढते. तुझी एक टक्क्याच्या आत, म्हणजे शंभराजवळ न्यायला 60 किलोच्या हिशोबाने 3000 युनिट लागतील. पण त्याचा निम्मा असर आठ-बारा तासांत ओसरतो. डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, साधारण दोन आठवडे, हळूहळू पातळी उतरवत. टाके घातले म्हणजे सुटलो, असं नाही. सगळा साठा हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नकोस, मग डॉक्टर कितीही घाई करोत.

सगळ्यात आधी इनहिबिटरची, म्हणजे दिलेलं फॅक्टर निकामी करणाऱ्या अंगातल्या प्रतिपिंडांची तपासणी. तो निघाला तर नेहमीचं फॅक्टर वाया जातं, बायपासची, म्हणजे फॅक्टर आठला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं लागतात, आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. ट्रानेक्सामिक ॲसिडबद्दलही विचार, त्याने रक्तस्राव कमी होतो. आणि कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून ब्रुफेन आणून खायची तुझी सवय आजपासून बंद, त्याने रक्तस्राव वाढतो!

वहिनींना सांग, तुझ्या धाकट्या भावाला रक्तदानाला आणू नका, आधी त्याचीही फॅक्टरची पातळी बघू. रिपोर्टचे फोटो पाठव, फायब्रिनोजेनची ओळ नीट वाचता येईल असे. मी सोमवार ते शनिवार जळगावला अपडाऊन करतो, फोन संध्याकाळच्या गाडीत लागेल.

तुझा,
सुभाष