औसा रस्त्यावर थांबलेल्या त्या दोघांना

दसऱ्यानंतरची गोष्ट. सोयाबीन पार वाळलेलं, शेंगा तडकायला लागलेल्या आणि आभाळ भरून आलेलं. अशात आमच्या हार्वेस्टरच्या मळणीच्या ड्रमचा बेल्ट दोन दिवसांत तिसऱ्यांदा उतरला. रबर जळाल्याचा वास साऱ्या शेतात. नवा बेल्टही एकाच कडेनं झिजला होता.

तुम्ही दोघं रस्त्यानं चालला होता. विचारलंही नाही, सरळ बांधावरून आत आलात. आधी इंजिन बंद करून किल्ली काढायला लावलीत आणि ती स्वतःच्या खिशात ठेवलीत. मग सुतळी मागितली. ती दोन्ही पुल्यांच्या कडांना लावून ताणली, तर वरच्या पुलीला नीट टेकली, खालच्या पुलीशी मात्र बोट शिरेल एवढी फट. शाफ्टवर पुली सरकली होती, आणि आम्ही बिचाऱ्या बेल्टलाच दोष देत होतो!

पुली हातोडीनं न ठोकता लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हळूहळू आत घेतलीत. सुतळी चारही जागी टेकली, मगच बोल्ट आवळले. ताण अंगठ्यानं दाबून पाहिलात: दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर बेल्ट साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे, जास्त ताणलं तर बेअरिंग जातं, हेही माझ्या मुलाला समजावलंत.

चहाला थांबला नाहीत, पैसे घेतले नाहीत, नावंही सांगितली नाहीत. रात्री पाऊस आला तेव्हा सगळं सोयाबीन ताडपत्रीखाली होतं. भाऊ, तुमचे मनापासून आभार. ती सुतळी आता मशीनच्या पेटीतच असते.