बाळाच्या गुळण्या आणि आमच्या आशाताई

आदरणीय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि पुढच्या लसीची तारीख सांगायला लागता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पाजल्यावर बाळ दूध का काढतं, हे मला तुम्ही कारणांसकट समजावलंत. माझ्यासारख्या इतर पहिलटकरणींनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

बाळंतपणाला मी माहेरी, माण तालुक्यात आले होते. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग पान्हा भरून यायला लागला आणि लेकरू जवळजवळ प्रत्येक वेळी पिऊन झालं की गुळणी टाकू लागलं. कधी पातळ दूध, कधी दह्यासारख्या आंबूस कवड्या. एकदा तर नाकातूनही आलं. घरात ज्याचं त्याचं निदान वेगळं. आजीने दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आईला वाटलं, मी खाल्लेली वाटाण्याची उसळ बाळाला बाधली. मग माझ्या ताटातल्या उसळी-भाज्या एकेक करून कमी झाल्या. शेजारच्या काकूंनी तर सांगूनच टाकलं, अंगावरचं दूध याला पचत नाही, डब्याचं सुरू कर. आपलंच दूध आपल्या लेकराला सोसत नाही, असं एकदा डोक्यात बसलं की बाळाला पदराखाली घेतानाही छातीत धडधडतं.

तुम्ही आलात, साबणाने हात धुतलेत आणि आधी बाळाला झोळीच्या काट्यावर ठेवलंत. वजन कार्डावर लिहून झाल्यावर एकेक विचारलंत. दिवसात लघवी किती वेळा होते? दूध काढल्यावर कळवळून रडतं, की थोड्या वेळाने पुन्हा प्यायला बघतं? ओठांवरून ओघळतं, की जोरात लांब उडतं? रंग पांढरा, की हिरवा-पिवळा? लघवी सहा-सात वेळा होत होती, वजन वाढत होतं आणि गुळणी टाकून झाली की साहेब मजेत हातपाय हलवत होते. तुम्ही म्हणालात, "हे आजारी बाळ नाही. हे पोटभर पिणारं बाळ आहे."

मग चमच्याने पाणी घेऊन कोरड्या दुपट्यावर ओतलंत. दोनच चमचे, पण ओल पसरून हातभर झाली. "सगळं दूध बाहेर आलं असं तुम्हाला वाटतं ना, ते एवढंच असतं." मी आणि आई दोघी त्या दुपट्याकडे बघत राहिलो.

कारण तुम्ही फार सोपं करून सांगितलंत. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. खाल्लेलं वर येऊ नये म्हणून ते आवळून बसतं. तान्ह्या बाळाचं हे कडं नव्या बटव्याच्या सैल नाडीसारखं, मधूनमधून आपोआप सुटतं. त्यात अन्ननलिका आखूड, पोट लहान, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसाचा बहुतेक वेळ आडवं. पिताना हवा गिळली गेली तर ती ढेकरेबरोबर वर येताना दूधही घेऊन येते. जठरातल्या आम्लाने दूध थिजतं, म्हणून थोड्या वेळाने आलेली गुळणी कवड्यांची असते. ते दूध नासलंय असं नाही, उलट पचायला सुरुवात झालेली असते. नाक आणि घसा आतून जोडलेले, म्हणून कधी नाकातूनही येतं. अशा वेळी बाळाला कुशीवर वळवायचं आणि पुसून घ्यायचं. पहिल्या तीन महिन्यांतली निम्मी बाळं रोज गुळण्या टाकतात, चौथ्या महिन्याच्या आसपास हे प्रमाण सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं, हे ऐकून आईचा चेहरा बदलला. आजीने मात्र "आमच्या वेळी नव्हतं असलं" म्हणून पाहिलं. तुम्ही तिला विचारलंत, "आजी, तुमच्या वेळी लाळेरी कशाला शिवायचे?" तेव्हा ती खुदकन हसली.

मला पाजताना बसवून तुम्ही बाळाची पकड पाहिलीत. तो नुसतं बोंड ओढत होता. तोंड मोठं उघडू द्यायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्यायचा, हे तुम्ही हाताला धरून शिकवलंत. माझं दूध जोरात यायचं, बाळ ठसकायचं. त्यावर मागे रेलून पाजायला सांगितलंत. डोकं पोटापेक्षा उंच, मग खांद्यावर घेऊन ढेकर, आणि वीस-पंचवीस मिनिटं उभं धरणं. मालिश-आंघोळ पाजण्याआधी. लंगोट पोटावर घट्ट नको. झोपवताना मात्र पाठीवरच. दूध काढतं म्हणून पालथं घालायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. घुटी, मध, ग्राइप वॉटर, वरचं दूध यांतलं सहा महिने काहीच नाही; मध तर वर्षभर नाही. आणि मला म्हणालात, "उसळ खा गं, भाकरी खा. बाळंतिणीने उपाशी राहून गुळण्या थांबत नसतात."

सगळ्यात मोठे आभार मात्र या पुढच्या गोष्टीसाठी. "काही होत नाही" एवढं बोलून तुम्ही उठला नाहीत. कधी घाबरायचं, तेही सांगितलंत. उलटी हिरवी असली, किंवा तीत रक्त दिसलं, तर वाट न बघता दवाखाना. दर वेळी पिचकारीसारखी लांब उडत असेल आणि बाळ लगेच भुकेलेलं दिसत असेल, तरीही. तीन ते सहा आठवड्यांच्या काही बाळांमध्ये जठराचं पुढचं तोंड जाड होऊन दूध पुढे सरकत नाही आणि त्याला शस्त्रक्रिया लागते. ताप, पोट फुगणं, प्यायला नकार, मलूल पडणं, लघवी कमी होणं, वजन न वाढणं, ही बाकीची लक्षणं. आईने ती कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. तेव्हापासून माझी रात्रीची झोप परत आली, कारण कशाकडे लक्ष ठेवायचं ते आता ठाऊक होतं.

घरी येऊन तान्ह्या बाळाला तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत गावातल्या आरोग्यदूतांनी सिद्ध करून दाखवली आणि २०११ पासून देशभरातल्या आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. या सहाही भेटींचा मिळून मोबदला सुरुवातीला २५० रुपये ठरला होता, हे मला नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं. उन्हातून पायी येऊन तुम्ही माझं अंगावर पाजणं टिकवलंत. त्या दिवशी तुम्ही आला नसता तर दुसऱ्या दिवशी घरात डबा आला असता.

लेक आता बसतो, मऊ वरणभात खातो. गुळणी क्वचित, तीही खाऊन लगेच रांगायला निघाला तरच. तुम्हा आशांना कामाच्या नगावर नाही, तर दरमहा ठरलेला, पोटापुरता पगार मिळाला पाहिजे. ग्रामसभेत हे बोलायला मी उभी राहणार आहे, आणि आईही येणार आहे.

तुमची,
गावातलीच एक लेक