ब्रेक क्लीनर मारल्यावर ड्रम ओशट राहतो, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या ब्रेक क्लीनरमुळे ट्रॅक्टरचा डावा ब्रेक निकामी झाल्याबाबत व कॅनवरील चुकीच्या सूचनांबाबत.

महोदय,

आमच्या घरी मॅसी फर्ग्युसन 35 आहे, 1964 च्या आधीचा, इंग्लंडात बनलेला. आता तो नांगराला जुंपत नाही, पण चालू स्थितीत ठेवला आहे. खंडेनवमीला त्याची पूजा होते आणि अधूनमधून चाऱ्याची ट्रॉलीही ओढतो. मागच्या एक्सलची ऑइल सील गळून दोन्ही चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये तेल उतरले होते. तेल, लायनरची (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीची) भुकटी आणि वर्षानुवर्षांची माती यांचे डांबरासारखे काळे किटण आत बसले होते. सील बदलल्या, लायनर नवे आणले. राहिली फक्त सफाई, आणि तिच्यासाठी आपला 500 मिलीचा कॅन घेतला. कॅनवर ट्रॅक्टरचे चित्र आहे आणि "जुन्या-नव्या सर्व वाहनांसाठी, एका कॅनमध्ये चारही चाके" असे छापले आहे.

चार चाकांचे राहू द्या, आमच्या डाव्या बाजूच्या एकट्या ड्रमलाच कॅन संपला. 35 चा ड्रम 14 इंची असतो, तो काही मोटरसायकलचा नव्हे. उजवी बाजू मग आमच्या मिस्त्रींनी त्यांच्या पद्धतीने केली. किटण आधी पाण्याने भिजवून पत्र्याच्या तुकड्याने खरवडले, उरलेला चिकटा रॉकेलने सोडवला, मग साबणाच्या गरम पाण्याने ड्रम दोनदा धुऊन उन्हात वाळवला आणि आतून पॉलिश पेपर फिरवला. रॉकेलचा हात नव्या लायनरला लागू दिला नाही. वेळखाऊ काम आहे, पण फुकटात होते.

आता मुख्य मुद्दा. या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या ब्रेकची पेडल वेगळी असतात, म्हणजे शेतात वळताना एकच बाजू धरता येते. रस्त्यावर दोन्ही खिट्टीने जोडून चालवायचे. जोडणी झाल्यावर मोकळ्या रानात खिट्टी लावून ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर सरळ उभा राहण्याऐवजी उजवीकडे ओढू लागला. पेडलची पातळी दोन्हीकडे सारखी होती. पुन्हा ॲडजस्ट करून पाहिले, फरक पडला नाही. डावा ड्रम उघडला तर सील कोरडी, तेलाचा थेंब नाही, पण ड्रमच्या आत बोट फिरवले की ओशट लागत होते आणि लायनरवर चकाकी आली होती. एकाच खोक्यातले लायनर, एकाच मिस्त्रीचा हात, सीलही एकाच वेळी बदललेल्या. दोन बाजूंत फरक होता तो आपल्या कॅनचा. हे ट्रॉली मागे असताना, उताराच्या रस्त्यावर झाले असते तर काय, ते मी लिहीत बसत नाही.

दुकानदारालाही हे पटेना. त्याने स्वतः नवा सीलबंद कॅन उघडून काउंटरवरच्या काचेवर फवारला. वाळल्यावर काच धुरकट दिसत होती आणि बोट सरकत होते. ब्रेक क्लीनर उडून गेला पाहिजे, मागे काही ठेवता कामा नये. तो ज्या कामासाठी विकत घेतात ते कामच हे आहे. मागे तेलकट थर ठेवणारी वस्तू साखळीला मारायची असते, ब्रेकला नाही. भरताना दुसराच माल डब्यात गेला असावा अशी मला शंका आहे. ती खरी की खोटी, हे आपण तपासायचे.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तर ताईंनी आधी "आणखी एक कॅन मारून बघा" असे सुचवले आणि मग "इतक्या जुन्या गाडीची जबाबदारी आमची नाही" म्हणाल्या. मग कॅनवर "जुन्या-नव्या" कशाला छापता?

दुसरी तक्रार मला पहिलीइतकीच गंभीर वाटते. सूचनांमध्ये पहिलीच ओळ आहे: "कंप्रेसरच्या हवेने धूळ उडवून घ्या." त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. ती भुकटी हवेने उडवली की गॅरेजमधल्या सगळ्यांच्या छातीत जाते आणि तिच्यामुळे होणारे आजार पुष्कळ वर्षांनी उघडकीस येतात. आमच्या मिस्त्रींनी हवा मारू दिली नाही, सगळे ओले करूनच खरवडले. कॅनवर मात्र मास्कचा साधा उल्लेखही नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणे हीसुद्धा उत्पादकाची जबाबदारी ठरते, हे आपल्या कायदा विभागाला माहीत असेलच.

माझे म्हणणे थोडक्यात असे: कॅनची किंमत, खराब झालेल्या डाव्या लायनरची किंमत आणि मिस्त्रींची दुसऱ्यांदाची मजुरी मिळावी. त्या बॅचचा माल दुकानांतून परत मागवून तपासावा. हवा मारण्याची सूचना काढून टाकावी. पैशांपेक्षा मला शेवटच्या दोन गोष्टींची घाई आहे, कारण आमच्या भागात ऊस तोडणीचा हंगाम तोंडावर आहे आणि त्याच दुकानातून हाच कॅन ट्रॉलीवाले नेत आहेत.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, फोन नको. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तो दावा मला माझ्याच जिल्ह्यात लावता येतो, त्यासाठी आपल्या शहराच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. दुकानदाराने उघडलेल्या कॅनमध्ये माल शिल्लक आहे. तपासणीला हवा असल्यास आपला माणूस पाठवावा, पोस्टाने मिळणार नाही.

आपला,
एक ग्राहक
ता. वाळवा, जि. सांगली

सोबत: बिलाची प्रत, कॅनच्या तळावरील बॅच क्रमांकाचा फोटो, दोन्ही ड्रमचे फोटो, मिस्त्रींची मजुरीची पावती.